सहा वर्षांचा मुलगा शाळेतून आला की दप्तर फेकतो, विचारलं तर गप्प. काय करावं?

आल्या आल्या ‘काय झालं?’ विचारू नका, आधी खायला द्या. आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. सहाव्या वर्षी राग तोंडाआधी हातात येणारच. थोड्या वेळाने तुम्हीच अंदाज करा: ‘कुणी खेळायला घेतलं नाही म्हणून वाईट वाटलं का?’ चुकलात तर तो दुरुस्त करेल, तिथूनच बोलणं सुरू होतं.

तुम्ही कर्नाटकातल्या, बेळगावजवळच्या खानापूरचे, घरी मराठी, शाळा कन्नड माध्यमाची. वर्गात त्याला मनातलं सांगता येत नसेल, अशी मला शंका आहे. घरी मराठीत मोकळं बोलू द्या, पण बाईंना सांगायला ‘ननग अंजिकी आगतद’ (मला भीती वाटते) अशी दोन-तीन वाक्यं शिकवा. फेकाफेक चालणार नाही, हेही शांतपणे सांगा. ‘पोरगा असून रडतोस?’ म्हणणाऱ्या आजोबांना मात्र तुम्हालाच आवरावं लागेल!