ताम्हिणीला निघण्याआधी काचेचं बघ

गाडी हातात आल्यावरचा तुझा पहिलाच पावसाळा, म्हणून सांगतो. चौघं ओल्या कपड्यांनी बसले की पौड यायच्या आत समोरची काच आतून धुरकटते. हाताने पुसू नकोस. तेलकट पट्टे राहतात आणि रात्री समोरच्या दिव्यांत तेच चमकतात. एसी लाव, झोत काचेवर घे, आतलीच हवा फिरवणारं बटण बंद कर. एसी हवेतला ओलावा काढून घेतो, त्यामुळे थंडी वाजली तरी तो बंद करू नकोस, फक्त तापमान वाढव. काच बाहेरून धुरकटली असेल तर मात्र ती जास्त गार झालीय. वायपर मार आणि गारवा कमी कर. हा फरक मला फार उशिरा कळला.

धुक्यात लो बीमच ठेव, हाय बीम उलटून आपल्याच डोळ्यांवर येतो. चारही इंडिकेटर लावून चालवू नकोस, तू कुठे वळणार ते मागच्याला कळत नाही.

आणि सीट चांदणी चौकाच्या आधीच, गाडी उभी असताना लाव. छाती स्टिअरिंगपासून निदान २५ सेंटिमीटर लांब हवी, एअरबॅगसाठी.