यूव्ही रेझिन चिकट राहते, सुरकुतते, तडकते: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: यूव्ही दिव्याखाली रेझिन आतून टणक होते, पण वरून बोटाला चिकटते. वेळ दुप्पट केली तरी फरक पडत नाही. रेझिन खराब आहे का?

बहुधा नाही. हा हवेतल्या ऑक्सिजनचा परिणाम आहे. प्रकाश पडला की फोटोइनिशिएटरचा (प्रकाशाने अभिक्रिया सुरू करणाऱ्या घटकाचा) रेणू तुटतो आणि फ्री रॅडिकल, म्हणजे अतिशय क्रियाशील तुकडे, तयार होतात. ते ॲक्रिलेटच्या (रेझिनमधल्या मुख्य रेणूंच्या) दुहेरी बंधावर बसून साखळी सुरू करतात. पण ऑक्सिजन आसपास असेल, तर तो वाढत्या साखळीच्या टोकाला ॲक्रिलेटपेक्षा कितीतरी पटींनी लवकर गाठतो. त्यातून जे पेरॉक्सी रॅडिकल बनते, ते साखळी पुढे नेत नाही. रेझिनमध्ये विरघळलेला ऑक्सिजन सुरुवातीलाच संपतो, म्हणून आतला भाग घट्ट होतो. पृष्ठभागावर मात्र हवेतून नवा ऑक्सिजन येतच राहतो.

मंद दिवा जास्त वेळ लावून भागत नाही ते यामुळेच. त्यापेक्षा तीव्रता वाढवावी, म्हणजे ऑक्सिजन आत शिरण्याच्या वेगापेक्षा रॅडिकल जलद तयार होतील. सपाट वस्तूवर सर्वांत सोपा आणि खात्रीचा उपाय म्हणजे पारदर्शक पॉलिएस्टर फिल्म. एका कडेपासून बुडबुडे बाहेर ढकलत ती थरावर बसवा, तिच्यातूनच प्रकाश द्या आणि मग सोलून काढा. पृष्ठभाग कोरडा तर होतोच, शिवाय चकाकतो. वेड्यावाकड्या आकाराची वस्तू काचेच्या भांड्यात ग्लिसरीनमध्ये बुडवून क्युअर करावी, म्हणजे प्रकाशाने टणक करावी. कारखान्यांत यासाठी नायट्रोजन सोडतात किंवा मिश्रणातच अमाइन अथवा थायॉल ही ऑक्सिजनचा अडथळा कमी करणारी रसायने घालतात. अमाइनने पुढे पिवळेपणा येऊ शकतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले की चिकटपणा जातो खरा, पण तो थर क्युअर होत नाही, नुसता निघून जातो.

मात्र रेझिनचा आणखी एक थर द्यायचा असेल, तर हा चिकटपणा पुसूच नका. त्यातले न वापरले गेलेले दुहेरी बंध पुढच्या थराशी रासायनिक जोड देतात.

प्रश्न: तोच दिवा एका रेझिनला चालतो, दुसऱ्याला नाही. पांढरा रंग मिसळला की वर सुरकुत्या पडतात आणि खाली ओले राहते. इनिशिएटर वाढवावा का?

वाढवू नका. आधी दिव्याची तरंगलांबी पाहा. १-हायड्रॉक्सीसायक्लोहेक्झिल फिनाइल कीटोन हा लेपांमध्ये नेहमी वापरला जाणारा इनिशिएटर ४०५ नॅनोमीटरचा प्रकाश जवळजवळ शोषतच नाही, मग दिवा कितीही वॅटचा असो. टीपीओ हा इनिशिएटर साधारण ४२० पर्यंत आणि बीएपीओ हा दुसरा इनिशिएटर सुमारे ४४० नॅनोमीटरपर्यंत शोषतो. दंतवैद्यकात वापरले जाणारे कॅम्फरक्विनोन ४६८ च्या आसपासच्या निळ्या प्रकाशावर चालते.

आता पांढऱ्या रंगाचे. टायटॅनियम डायऑक्साइड सुमारे ४०० नॅनोमीटरखालचा प्रकाश स्वतःच गिळतो. ३६५ चा दिवा लावला, तर प्रकाश वरच्या पातळ थरातच संपतो. तो थर घट्ट होऊन आकसतो, खाली द्रवच असतो, आणि साय सुरकुतावी तसा पृष्ठभाग गोळा होतो. इनिशिएटरचेही तेच: सहसा वजनाच्या १ ते ५ टक्के पुरतो. त्याहून जास्त घातला तर तोच वर प्रकाश अडवतो आणि तळ कच्चा राहतो. पांढऱ्या थरासाठी बीएपीओ असलेले मिश्रण, ४०५ चा दिवा आणि पातळ थर, हीच जोडी धरा.

मोजमाप वॅटमध्ये करू नका, पृष्ठभागावर पोहोचलेल्या मात्रेत करा. दर चौरस सेंटिमीटरला ५० मिलिवॅट तीव्रता २० सेकंद दिली, तर मात्रा १,००० मिलिज्यूल होते. दिव्याचे अंतर बदलले की हा आकडाही बदलतो.

प्रश्न: साच्यात एकदम जाड ओतलेले रेझिन गरम होऊन तडकले. का?

दोन कारणे एकाच वेळी घडली. ॲक्रिलेटचा दुहेरी बंध उघडताना दर मोलला सुमारे ८० किलोज्यूल उष्णता सुटते, आणि जाड गोळ्यातून ती बाहेर पडू शकत नाही. शिवाय सुटे रेणू एकमेकांपासून जितके लांब असतात, त्यापेक्षा बंधाने जोडले गेल्यावर बरेच जवळ येतात. म्हणून आकारमान घटते आणि ताण साचतो. १ ते २ मिलिमीटरचे थर द्या आणि दोन थरांमध्ये थंड होऊ द्या. जाड काम नेहमीचेच असेल, तर कॅटायनिक इपॉक्सी प्रकार पाहावा, ज्यात साखळी रॅडिकलऐवजी धनभारित आयनांनी वाढते. तो कमी आकसतो, ऑक्सिजनने अडत नाही आणि दिवा बंद केल्यावरही क्युअर होत राहतो. मात्र दमटपणा आणि अल्कधर्मी पदार्थ त्याला मारक ठरतात.

प्रश्न: काठोकाठ भरलेली बंद बाटली अंधारातही घट्ट झाली. हे कसे?

बाटलीत हवा नव्हती म्हणून. साठवणीसाठी घातलेले एमईएचक्यू हे स्थिरक ऑक्सिजनच्या साथीनेच काम करते. अपारदर्शक बाटलीत वर थोडी मोकळी जागा ठेवा आणि ती उष्णतेपासून दूर ठेवा. वापरून उरलेले रेझिन मूळ बाटलीत परत ओतू नका.

प्रश्न: टणक झालेली वस्तू हाताळायला सुरक्षित असते का?

टणक झाली म्हणजे पूर्ण क्युअर झालीच असे नाही. रेणूंचे जाळे काचेसारखे कडक होऊ लागले की उरलेल्या मोनोमरना (न जोडल्या गेलेल्या सुट्या रेणूंना) हलता येत नाही आणि अभिक्रिया अर्धवट थांबते. प्रकाश देताना वस्तू सुमारे ६० अंश सेल्सियसला ठेवली, तर अभिक्रिया पुढे सरकते. थ्रीडी प्रिंट असेल तर आधी अल्कोहोलने धुऊन पूर्ण वाळवावी. अल्कोहोल अडकून राहिले की पृष्ठभाग पांढुरका आणि मऊ होतो.

न क्युअर झालेल्या ॲक्रिलेटची त्वचेला ॲलर्जी होऊ शकते, आणि एकदा झाली की ती सहसा कायमची राहते. नायट्राइलचे हातमोजे घाला. पातळ हातमोज्यांतून मोनोमर काही मिनिटांत आरपार जातात, म्हणून रेझिन सांडताच ते बदला. त्वचेला लागले तर अल्कोहोल वापरू नका, साबण आणि पाण्याने धुवा. नखांच्या जेलसाठी तर आणखी काळजी हवी: युरोपीय संघात १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत टीपीओवर बंदी आहे, तेव्हा खरेदीआधी घटकांची यादी वाचा.