हँडलबारची टेप ब्रेकपाशी उघडी का राहते?

प्रश्न: ड्रॉप हँडलच्या (खाली वळलेल्या हँडलच्या) सायकलवर पहिल्यांदाच घरी टेप गुंडाळली. ब्रेकपाशी धातू दिसतोय आणि त्र्यंबक रोडचा चढ चढताना टेप सरकते. काय चुकलं?

उत्तर: तुम्ही बहुतेक वरून, म्हणजे मधल्या बाजूकडून सुरुवात केली असणार. मीही तेच केलं होतं. सुरुवात खालच्या टोकापासून करायची. टेपची अर्धी रुंदी बाहेर सोडा, ती शेवटी आत कोंबून वर टोपण ठोकायचं. मागून बघितलं तर उजवीकडे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, डावीकडे उलट. प्रत्येक वेढा आधीच्यावर एक तृतीयांश तरी चढवा आणि ताण सारखा ठेवा. वळणाच्या आतल्या बाजूला वेढे दाटतात, बाहेर विरळ होतात, तिथे डोळा ठेवा.

खरी गंमत ब्रेकपाशी. रबरी कव्हर आधी उलटं करून ठेवा, ब्रेक हँडलला धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पवर टेपचा बोटभर तुकडा आडवा चिकटवा, मग लिव्हरभोवती इंग्रजी 8 सारखा वळसा घ्या. त्याने फट झाकली जाते, शिवाय दिशाही उलटते: वरच्या दांड्यावर टेप पुढून वरून तुमच्याकडे येते. चढावर आपण हँडल मागे ओढतो ना, त्या ओढीने ती घट्टच होते. तुमची बहुधा सैल होत होती.

शेवट तिरका कापून वर इलेक्ट्रिकची टेप ओढून लावा. हँडलवरचा जुना गोंद मात्र गुंडाळण्याआधी स्पिरिटने पुसा. आणि नवी टेप घ्यायच्या आधी हीच उलगडून दोनदा सराव करा, टेपचा गोंद टिकला तर तीच चालेल.