मणक्यात सिमेंट भरल्यानंतर कोणते त्रास होऊ शकतात?

तुमच्या ७२ वर्षांच्या आईचा मणका ठिसूळपणामुळे दबलाय, डॉक्टर त्यात हाडांसाठीचं खास सिमेंट भरू म्हणतात आणि पुढे काय होऊ शकतं असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही. माझ्या आईचं हेच ऑपरेशन झालं, त्यावरून सांगते.

बादली उचलताना आईचा डी-१२, म्हणजे पाठीतला कमरेच्या लगेच वरचा मणका दबला. कूस बदलतानाही कळ यायची. सिमेंट भरल्यावर दुसऱ्याच दिवशी ती वॉकर धरून बाथरूमपर्यंत गेली. आम्हाला वाटलं, सुटलो! अडीच महिन्यांनी पाठ पुन्हा धरली. आठवडाभर आम्ही बाम चोळत बसलो. एमआरआयमध्ये त्याच्या वरचा डी-११ मणका दबलेला निघाला. त्याआधीच तिच्या साडीचा काठ जमिनीला लोळायला लागला होता, ती निऱ्या वर खोचून घ्यायची. उंची कमी झालीय, हे घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही.

शेजारचा मणका सिमेंटमुळे दबतो की मुळातल्या ठिसूळपणामुळे, यावर डॉक्टरांमध्येच दुमत आहे. पण आमच्या डिस्चार्ज कार्डावर वेदनाशामक आणि कॅल्शियम होतं, हाडं बळकट करणारं औषध नव्हतं. याचा मला आजही राग येतो. झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं वर्षातून एकदा सलाइन, टेरिपॅराटाइडचं रोजचं इंजेक्शन किंवा डेनोसुमॅबचं दर सहा महिन्यांनी इंजेक्शन, यातलं आईला काय चालेल ते आत्ताच विचारा. डेनोसुमॅबची तारीख मात्र चुकवू नका. ते मध्येच थांबलं तर एकापाठोपाठ मणके दबू शकतात.

सिमेंट थोडं बाहेर झिरपणं बऱ्याचदा दिसतं आणि बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. पण पायातली ताकद गेली, लघवी अडली, धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा. ताप आला किंवा जखम चिघळली तरी लगेच दाखवा. मणक्यांना आधार द्यायला स्क्रू-रॉड टाकणार असतील, तर ठिसूळ हाडात ते सैल होऊ शकतात, त्याबद्दलही विचारा.

आणखी एक. २००९ साली दोन अभ्यासांत काही रुग्णांना खरंच सिमेंट भरलं, काहींना नुसतं भरल्यासारखं केलं. दुखणं कमी होण्यात फारसा फरक दिसला नाही. म्हणून आईचं दुखणं ओसरत असेल आणि पायात ताकद असेल, तर पट्टा लावून थोडं थांबता येईल का, हे विचारायला संकोचू नका. डेक्सा, म्हणजे हाडं किती ठिसूळ आहेत ते मोजणारी तपासणी, झाली नसेल तर ऑपरेशनच्या तारखेआधी करून घ्या. अर्धा तासही लागत नाही.