“डबा संपला का?” हा प्रश्न आधी दारातून घालवा

ताई, तुम्ही लिहिलंय की नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ फ्लॅटमध्ये दोन महिन्यांपूर्वी पाळणाघर सुरू केलं, दीड ते पाच वर्षांची बारा मुलं आहेत. डब्यात बिस्किटं नाहीतर वेफर्स, पोळीभाजी आलीच तर तशीच परत जाते. अंगण नाही म्हणून टीव्ही लावावा लागतो. मी इंदिरानगरला एकोणीस वर्षं पाळणाघर चालवतेय आणि पहिली काही वर्षं मी तुमच्यापेक्षाही वाईट करत होते.

तेव्हा संध्याकाळी प्रत्येक आई दारातच विचारायची, “डबा संपला का?” ‘हो’ म्हणता यावं म्हणून आम्ही घास कोंबायचो, मोबाईलवर गाणी लावून. एक अडीच वर्षांचा मुलगा वरणभाताचा शेवटचा घास गालात धरून तसाच झोपायचा. एकदा झोपेत त्याला ठसका लागला. पुढे वाकवून पाठीत थापट्या मारल्या, घास बाहेर आला, पण माझे हातपाय तासभर थरथरत होते. त्या दिवसापासून कोंबणं बंद.

आता काय द्यायचं आणि कधी द्यायचं ते मी ठरवते. किती खायचं, खायचं की नाही, ते मूल ठरवतं. दहाला फळ, साडेबाराला जेवण, चारला खाणं. मधे फक्त पाणी. तुमच्याकडची पोळीभाजी परत जाते ती बहुतेक अकराच्या बिस्किटामुळे, भाजीला उगाच बोल लावू नका. नवी भाजी चमचाभर वाढायची आणि ‘खा’ म्हणायचं नाही. आठ-दहा वेळा समोर आली की कुठे बोट लागतं, काहींना पंधरा वेळाही लागतात. घरी दोनदा करून बघतात आणि ‘त्याला आवडतच नाही’ म्हणून मोकळे होतात. आमच्याकडे दोडक्याला अख्खा पावसाळा लागला. आपणही सोबत बसून तेच खायचं, हे महत्त्वाचं. आमच्या मावशी मुलांना शेपू वाढून स्वतः समोर चहा-खारी खायच्या. मग शेपू कोण खाणार?

डब्यात काय नको याची नोटीस मी लावली होती. दोन पालक रागावून मुलं घेऊन गेले. नोटीस काढली आणि चारचं खाणं माझ्याकडे घेतलं, फीमध्ये थोडे पैसे वाढवून. पेठ-सुरगाण्याकडची नागली, म्हणजे नाचणी, आपल्याकडे सहज मिळते. तिचं धिरडं करा, ताकातली आंबील करा. १०० ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, डॉक्टर आईला हे सांगितलं की ती लगेच तयार होते! पोह्यांवर लिंबू पिळायचंच, लोह अंगी लागायला मदत होते. चहा एक घोटही नाही, तो नेमका उलटं करतो. दोन वर्षांखालच्यांना वरून साखर नाही.

आता खेळ. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सांगितलंय: एक ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल करावी, तीन-चार वर्षांच्यांची त्यातली ६० मिनिटं तरी धावपळीची, घाम येईल अशी. दोन वर्षांपुढच्यांना बसून बघायचा स्क्रीन जास्तीत जास्त तासभर, त्याआधी नाहीच. तीन तास ऐकून घाबरू नका, ते एका दमात करायचे नसतात. हॉलमधला सोफा बाहेर काढा, मी तेच केलं. ‘डोंगराला आग लागली, पळा पळा पळा’ दहा बाय बाराच्या खोलीतही होतं. बेडूकउड्या, जमिनीवर खडूने आखलेली नागमोडी रेघ, मोठ्यांना लंगडी. सतरंजी गुंडाळणं, आपली ताटली उचलून ठेवणं, मटार सोलणं ही कामंही त्यांनाच द्या. सोललेल्यातले निम्मे कच्चेच पोटात जातात, ते वेगळंच. मार्चपासून बाहेर न्यायचं तर सकाळी नऊच्या आत किंवा ऊन उतरल्यावर. थंडीत पालक म्हणतील, ‘बाहेर नेऊ नका, सर्दी होईल’. सर्दी बंद खोलीत एकमेकांकडूनच जास्त होते, हे शांतपणे सांगायचं, स्वेटर घालायचा आणि न्यायचं.

टीव्ही पहिल्याच दिवशी काढू नका, संध्याकाळची वेळ जड जाते, मला माहितीय. आधी जेवतानाचा बंद करा.

दाराशी मी एक फळा लावलाय. त्यावर रोज लिहिते, ‘आज गाजर हातात घेतलं’, ‘आज तीन पायऱ्या एकटी उतरली’. किती खाल्लं ते नाही. दोनेक महिन्यांत आया डब्याऐवजी फळा वाचायला लागल्या. (आज्या अजून डबा उघडून बघतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही.)

आणि हो, द्राक्षांचा सीझन आला की कुणीतरी पेटीच आणून देईल. अख्खं द्राक्ष पाच वर्षांखालच्या मुलाला द्यायचं नाही, घशात नेमकं बसतं. उभं चिरून चार फोडी. अख्खे शेंगदाणेही नाहीत, कूट करा. बारा मुलांची द्राक्षं चिरायला वीस मिनिटं लागतात, तेवढी आधी धरून ठेवा.