हप्ता आधी, फरशी मागून

सांगली, रविवार रात्र

चि. पोरी, अनेक आशीर्वाद.

दुपारी तू पर्समधून नव्या फरशीच्या कोटेशनचा चार घड्या घातलेला कागद काढलास आणि विचारलंस, "काका, यासाठी कर्ज घेऊ का?" मी "बघू, विचार कर" असं काहीतरी गुळमुळीत बोललो. तू चहा घेऊन मिरजेच्या बसला गेलीस आणि तेव्हापासून मला चैन नाही. सत्तावीस वर्षं पतसंस्थेत वसुलीच्या टेबलावर बसलेल्या माणसाला सरळ प्रश्नाचं सरळ उत्तर देता आलं नाही, याचा राग आला. ते उत्तर आता देतो. घेऊ नकोस. हप्ता आधी, फरशी मागून. म्हणजे हप्त्याएवढे पैसे आधी स्वतःकडे साठव, फरशी मग घाल.

लॅबमध्ये उभं राहून महिना काढणाऱ्या मुलीला मी काटकसर शिकवावी असं काही नाही. घर नीट करावंसं वाटणं हा उधळेपणा नव्हे, हेही तुला माझ्याकडून ऐकायला नको. तुझा गोंधळ वेगळाच आहे. ३,१०० रुपयांचा हप्ता झेपतो, म्हणजे कर्ज झेपतं, असं तू धरून चाललीस. या दोन गोष्टी एक नाहीत.

तुझ्याच कागदावरचे आकडे घे. दुकानदार, गवंडी, सिमेंट-वाळू सगळं धरून ६०,००० रुपये. व्याज बारा टक्के, मुदत २४ महिने, हप्ता ३,१००. चोवीस गुणिले एकतीसशे म्हणजे ७४,४००. त्या बारा टक्क्यांमागे 'फ्लॅट' हा शब्द बारीक अक्षरात आहे. त्याचा अर्थ असा, की तू निम्मं मुद्दल फेडलंस तरी व्याज पहिल्या दिवशीच्या साठ हजारांवरच चालू राहतं. घटत्या शिलकेवर मोजलं तर हा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. मी ही मोजणी आयुष्यभर लोकांसाठी केली आणि स्वतःसाठी एकदाही केली नाही. त्याची गोष्ट पुढे सांगतो.

वर गेलेले १४,४०० म्हणजे किती, ते फुटांत बघ. तुझं घर साधारण ४१० चौरस फूट. फुटाला सगळा खर्च १४६ रुपये पडतो. म्हणजे १४,४०० रुपयांत तुझं ८ बाय ९ चं स्वयंपाकघर आणि ४ बाय ६ ची न्हाणी दोन्ही होतात. दोन खोल्यांची फरशी तू फायनान्सवाल्याच्या घरात बसवून येणार. तेच एकतीसशे दर महिन्याला बँकेच्या रिकरिंग ठेवीत टाकलेस तर विसाव्या महिन्यात ६२,००० होतात, वर व्याज तुला मिळतं. कर्ज चोवीस महिने चालतं, हे वीस. भाव वाढतील म्हणालीस. वाढू देत. फरशीचा भाव वीस महिन्यांत चोवीस टक्के वाढला तर मला येऊन सांग.

आणि ते 'नो कॉस्ट' हप्त्याचं! क्रेडिट कार्डावर घेतलं तर व्याजच नाही, असं दुकानातल्या त्या पोराने सांगितलं आणि तू मान डोलावलीस. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना लिहून दिलं होतं, की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते. व्याज कुठेतरी असतंच. कधी ते रोखीची सूट बुडवून वसूल होतं, कधी प्रोसेसिंग फी म्हणून, आणि कार्डावर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा. दुकानदाराला एकच विचार, "आत्ता रोख दिले तर किती कमी कराल?" तो जो आकडा सांगेल, ते तुझ्या नो कॉस्टचं व्याज.

आता माझं सांगतो, कारण त्याशिवाय माझं म्हणणं तुला नुसता म्हातारपणाचा हट्ट वाटेल.

२००४ च्या दिवाळीआधी मी आमच्या गावभागातल्या घराला फरशी घातली. त्या वेळी नवीन आलेली चकचकीत व्हिट्रिफाइड, दोन बाय दोन. मी नोकरीला होतो त्याच संस्थेतून ३६,००० घेतले, फ्लॅट बारा टक्के, ३६ महिने, हप्ता १,३६०. पगारातून परस्पर कापला जायचा, म्हणून कळायचाच नाही. पैसे कमी पडायला लागले तेव्हा गवंडी म्हणाला होता, "साहेब, खालचा मुरूम नीट नाही, पाणी मारून, धुम्मस करून दाबायला पाहिजे, चार दिवस जातील." मी म्हणालो, दिवाळी तोंडावर आहे, वरून घाल. ते चार दिवस आणि दोन-अडीच हजार रुपये वाचवून मी सोप्यात, म्हणजे बाहेरच्या बैठकीच्या खोलीत, जरा भारीची डिझाइन घेतली.

२००५ च्या जुलै-ऑगस्टात कृष्णा घरात आली. पाणी उतरल्यावर चिखल काढला तेव्हा फरशी जागेवर दिसत होती. मला वाटलं, वाचलो. पंधरा दिवसांनी हिच्या हातून पोळपाट पडला आणि डब्ब असा आवाज आला, मडक्यावर मारल्यासारखा. मग मी उलथनं घेऊन गुडघ्यांवर घरभर फिरलो. सोप्यात भिंतीकडेच्या दोन ओळी तेवढ्या भरीव होत्या. खालचा मुरूम पाणी पिऊन खचला होता, फरशी अधांतरी होती. दसऱ्यापर्यंत फरश्या मधोमध तडकायला लागल्या.

पूर आला तेव्हा आठ हप्ते गेले होते, अठ्ठावीस राहिले होते. अठ्ठावीस गुणिले १,३६० म्हणजे ३८,०८०. मूळ कर्जापेक्षा जास्त पैसे मी तडकलेल्या फरशीसाठी भरले, नोव्हेंबर २००७ पर्यंत, दर महिन्याला. फरशी गेली तरी हप्ता राहतो, पोरी. हप्त्याला पूर कळत नाही.

२००६ च्या जूनमध्ये माझ्या मुलीला पुण्यात डिप्लोमाला जागा मिळाली होती. होस्टेलचा खर्च मी कागदावर तीनदा मांडला. प्रत्येक वेळी तेराशे साठ आडवे आले. ती इथेच बी.कॉम. झाली. आज तिचं सगळं बरं आहे, ती कधी बोललीही नाही. तुला लॅबचा पांढरा कोट घातलेलं बघितलं की मला ते आठवतं, इतकंच.

२००७ नंतर मी ठरवलं, आता हप्ता आधी, फरशी मागून. सगळ्या घराची तडकलेली फरशी काढली, मुरूम दाबून घेतला, वर कोबा, म्हणजे साधी सिमेंटची जमीन, केला आणि कोब्यावर राहिलो. पैसे साठतील तशी एकेक खोली. पहिली न्हाणी, मग स्वयंपाकघर, मग मधली खोली, शेवटी २०१३ मध्ये सोपा. २०११ मध्ये मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा सोप्यात कोबाच होता. भावाने मला बाहेर बोलावून सांगितलं, "लाज वाटत नाही का? कर्ज काढ." मी सतरंजी अंथरली आणि पोहे दिले. ते स्थळ जमलं नाही. फरशीमुळे नाही, असं मी आजही म्हणतो. हिचं म्हणणं वेगळं आहे. पाच वर्षं तिने कोब्यावर पोळ्या लाटल्या, तिला म्हणायचा हक्क आहे. तरीसुद्धा मी चुकलो नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची खूण ४५ ची, तेव्हा आमच्या घरात पुन्हा पाणी होतं. या वेळी मधल्या खोलीतल्या सहा फरश्या उठल्या, बाकी जागेवर राहिल्या. आणि मला कुणाचा एक रुपया द्यायचा नव्हता. ते मला २०११ मध्ये भावाला दाखवता आलं नाही, म्हणून तुला दाखवतोय.

आता तुझ्या घरात कुठून सुरुवात करायची, ते. तू सोप्यापासून म्हणतेस, कारण माणसं सोप्यात बसतात. मागच्या महिन्यात मी आलो तेव्हा स्वयंपाकघरातून न्हाणीकडे जाताना एक शहाबादी बोटभर वर आलेली बघितली. तुझी आई तिथे दर वेळी खाली न बघता उजवा पाय उचलते. हातात भरलेली कळशी असली तरी. पायाला सवय झाली आहे. एका रात्री लाइट जाईल आणि सवय चुकेल. तिथून सुरुवात कर! दोन खोल्यांचे मिळून चौदा हजार लागतील, ते पाच महिन्यांत साठतात. पाऊस तोंडावर आला आणि दोन-चार हजार कमी पडले तर माझ्याकडून घे, परत करायची तारीख लिहून दे. आईच्या पायासाठी उसने घेणं वेगळं, सोप्याच्या चकाकीसाठी वेगळं.

न्हाणीत आणि स्वयंपाकघरात मॅट फरशी घे, ओल्या पायाला धरणारी. दुकानात चकचकीत पुढे करतील, तू मॅटच माग. न्हाणी घरापेक्षा इंचभर खाली राहू दे आणि जाळीकडे ढाळ दे. फरशी झाल्यावर बादलीभर पाणी ओतून, सगळं जाळीत जाईपर्यंत बघ, मगच गवंड्याचा शेवटचा पैसा दे.

एकेक खोली करण्यात दोन धोके आहेत, तेही सांगून ठेवतो, नाहीतर उद्या म्हणशील काकांनी अर्धंच सांगितलं. पहिला पाणसळीचा, म्हणजे फरशीच्या पातळीचा. गवंडी पहिल्या दिवशी येईल तेव्हाच सगळ्या घराची पाणसळ काढून प्रत्येक खोलीच्या भिंतीवर पेन्सिलीची खूण करून घे. वर्षाने दुसरी खोली करताना त्याच खुणेवर काम व्हायला हवं, नाहीतर दारादारात ठेच लागेल आणि दारं खालून तासावी लागतील. दुसरा रंगाचा. बॉक्सवर बॅच आणि शेड छापलेली असते. आज घेतलेली डिझाइन आठ महिन्यांनी त्याच नावाने मिळेल, पण शेजारी ठेवलीस तर फरक दिसेल. त्यासाठी दाराच्या उंबऱ्याखाली ग्रॅनाइटची काळी पट्टी टाक. फरशी पट्टीपाशी संपते, पुढच्या खोलीत दुसरी सुरू झाली तरी डोळ्याला खटकत नाही. खोलीपुरता माल मात्र एकदम आण. दोन बाय दोनच्या बॉक्समध्ये चार नग येतात, साडेपंधरा फूट भरतात. स्वयंपाकघराला पाच बॉक्स लागतील, सहा घे. उरलेली फरशी पलंगाखाली ठेव, कुणी मागितली तरी देऊ नकोस. आमच्या मधल्या खोलीतल्या त्या सहा फरश्या २०१९ मध्ये पलंगाखालूनच निघाल्या.

आणि कोटेशन घेताना दुकानदाराचा फुटाचा भाव ऐकून हिशोब करू नकोस. त्यावर १८ टक्के जीएसटी आहे, जुनी फरशी फोडायची मजुरी आहे, राडारोडा नेणारा टेम्पो आहे, भिंतीकडेची पट्टी म्हणजे स्कर्टिंग आणि सांधे भरायचं ग्राउट आहे. तुझ्या कागदावर टेम्पो धरलेला नाही, मी बघितलं.

एवढं सगळं वाचून तुला कर्जच घ्यायचं असेल तर माझी शपथ नाही, पण एक कर. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांना अशा कर्जाआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावं लागतं. त्यात एपीआर नावाचा आकडा असतो, सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर. तो मागून घे, मोठ्याने वाच, आणि आईला ऐकव. मग सही कर. माझ्या टेबलासमोर बसलेल्या माणसांना मी विचारायचो, दर किती सांगितला होता? बहुतेक जण हप्त्याचाच आकडा सांगायचे. तूही आज दुपारी हप्त्याचाच आकडा सांगितलास. म्हणून हे पत्र.

उद्याच बँकेत जाऊन रिकरिंग उघड. ३,१०० जड वाटले तर २,५०० चं उघड, पण पगाराच्या दुसऱ्याच दिवशी कापलं जाईल असं बघ. पुढच्या रविवारी मी टेप आणि उलथनं घेऊन येतो, सगळ्या घराच्या फरश्या ठोकून बघू. आईला सांग, जेवायला काही विशेष नको. त्या वर आलेल्या शहाबादीच्या खाली तोवर थोडी माती उकरून ती खाली बसते का बघ. नाही बसली तर काढूनच टाक, खड्डा परवडला.

तुझा काका

ता. क. दुकानात काही ॲडव्हान्स दिलास का, ते तू सांगितलं नाहीस. दिला असशील तर पावती शोधून ठेव आणि कोटेशनच्या मागे जे छापलं आहे त्याचा फोटो मला पाठव.