विकास आराखड्यावर हरकत घेऊन खरंच काही होतं का?

प्रारूप विकास आराखड्यात सोसायटीमागच्या मैदानाचं आरक्षण उडालंय, आता रहिवाशांनी हरकत घेऊन काही उपयोग होतो की तो नुसता सोपस्कार असतो, असं तुम्ही विचारलंय.

होतो. पण सोसायटीवाले पहिल्या आठवड्यात जे करतात, म्हणजे एक मजकूर टाइप करायचा, त्याच्या ढीगभर झेरॉक्स काढायच्या आणि मजल्यामजल्यावर सह्या घेत हिंडायचं, त्याने फारसं काही होत नाही. आमच्या मेहुण्यांना हे आजही पटत नाही. त्यांच्या मते आमच्या भागातलं मैदान त्यांच्या छापील अर्जांनी वाचवलं. ते कशाने वाचलं हे हरकती ऐकणाऱ्या समितीच्या अभिप्रायात लिहिलेलं आहे, म्हणून आधी तेच सांगतो.

जुन्या मंजूर आराखड्यात तो भूखंड हिरवा, खेळाचं मैदान. नव्या प्रारूपात पिवळा, म्हणजे निवासी. छापील अर्जात काय होतं? मुलांना खेळायला जागा उरणार नाही, ज्येष्ठांची फिरण्याची सोय जाईल, तरी फेरविचार व्हावा. आता कोणता भूखंड, कोणतं आरक्षण, नेमका काय बदल करा, यातलं काहीच नसेल तर समितीला हो म्हणायचं असलं तरी कशाला म्हणणार? शिवाय एकाच मजकुराचे अर्ज एका गठ्ठ्यात बांधले जातात आणि तक्त्यात त्यांची मिळून एक ओळ होते.

दुसरी हरकत एकटीच होती, दोन पानांची, भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेल्या एका बाईंची. त्यांनी प्रस्तावित नकाशा बाजूला ठेवून विद्यमान जमीन वापर नकाशा उघडला, म्हणजे आज कोणती जागा कशासाठी वापरात आहे ते दाखवणारा. तिथेच घोळ होता. कोपऱ्यातली वॉचमनची खोली आणि पत्र्याची शेड धरून अख्खा भूखंड ‘निवासी’ रंगवला होता. हे सर्रास होतं. उपग्रहाच्या छायाचित्रावरून हद्दी आखतात, जागेवरची पडताळणी घाईत उरकतात, आणि एकदा तिथे पिवळं पडलं की पुढच्या नकाशातही पिवळंच उतरतं. बाईंनी नकाशाच्या शीटचा क्रमांक, सिटी सर्व्हे नंबर, प्रॉपर्टी कार्ड आणि चारही बाजूंचे तारखेसह फोटो जोडले. मग आराखड्याच्या अहवालातलं कोष्टक घेतलं. त्यात सेक्टरवार अंदाजित लोकसंख्या, मैदानांसाठी लागणारी जागा आणि प्रस्तावित जागा असते. तूट तुमच्याच कोष्टकात दिसते आहे आणि तरी असलेलं मैदान काढलंत, एवढंच त्यांनी लिहिलं.

सुनावणीत त्यांनी मैदानाची हद्द काढलेला ट्रेसिंग पेपर समितीच्या टेबलावरच्या शीटवर ठेवला. शेडचा चौकोन कोपऱ्यात नखाएवढा, बाकी सगळं पिवळं. नगररचनाकारांनी पट्टी लावून बघितली आणि तिथेच पेन्सिलीने खूण केली. अभिप्रायात ‘विद्यमान जमीन वापर नकाशातील त्रुटी विचारात घेता’ असे शब्द आहेत. सह्यांचा उल्लेख नाही.

तर तुम्ही काय करायचं. मुदत 30 दिवस की 60, आणि ती कोणत्या तारखेपासून मोजायची, हे नोटिशीतच लिहिलेलं असतं. बहुधा राजपत्रात प्रसिद्ध झाल्याच्या दिवसापासून मोजतात आणि पेपरातली जाहिरात त्यानंतर येते, त्यामुळे लोक समजतात त्यापेक्षा हातात दिवस कमी असतात. नगररचना विभागातून तुमच्या शीटचा भाग नकाशा पैसे भरून घ्या. वेबसाइटवरची पीडीएफ मोठी करून काढलेल्या प्रिंटवर मोजमाप करू नका, स्केल बिघडलेलं असतं. सोबत जुन्या मंजूर आराखड्याचा तोच भाग आणि अहवालाची संबंधित पानं काढून ठेवा.

अर्ज महापालिका असेल तर आयुक्तांच्या नावे, नगरपरिषद असेल तर मुख्याधिकाऱ्यांच्या. विषयातच लिहा: महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966, कलम 26 अन्वये हरकत. एका अर्जात एकच मुद्दा. मैदान, रस्त्याची रुंदी आणि नाल्याची हद्द एकाच पत्रात कोंबली की सगळ्यात सोप्या मुद्द्यावर अभिप्राय लिहून फाइल मिटते. मागणी आदेशात जशीच्या तशी उतरवता येईल अशी हवी: ‘सिटी सर्व्हे क्र. अमुक हा भूखंड निवासी विभागातून वगळून खेळाचे मैदान म्हणून आरक्षित करावा.’ त्याखाली पर्यायी मागणीही द्या, निदान इतकं क्षेत्र तरी ठेवावं अशी. समित्यांना अंशतः मान्य करायला आवडतं. शेवटी ‘मला समक्ष सुनावणी द्यावी’ हे वाक्य विसरू नका. दोन प्रती न्या, आवक क्रमांक आणि शिक्का तुमच्या प्रतीवर घ्या. ईमेल पाठवलात तरी आवक क्रमांक मागून घ्या, नाहीतर पुढे तुमची हरकत शोधायलाच कोणी तयार होत नाही.

आणि एफएसआय (भूखंडावर किती बांधकाम करता येतं ते प्रमाण) किंवा इमारतीच्या पार्किंगवर त्यात शाई घालवू नका. मुंबई आणि काही मोजके भाग सोडले तर डिसेंबर 2020 पासून राज्यभर बांधकामाची एकच युनिफाइड नियमावली आहे. ती तुमच्या नगरपालिकेच्या हातात नाही.

सुनावणी कलम 28 खालच्या नियोजन समितीपुढे होते: स्थायी समितीचे तीन सदस्य आणि जास्तीत जास्त चार जाणकार. वेळ काही मिनिटांचा. त्यामुळे भाषण नको, नकाशा पसरा, बोट ठेवा, मागणी वाचा. कागदांचे तीन संच न्या. सोसायटीतर्फे जात असाल तर ठराव आणि अधिकारपत्र हवं, नाहीतर दारातच अडवतात. नोटीस आयत्या वेळी येते, तेव्हा पत्ता असा द्या जिथे पत्र घ्यायला कोणीतरी असतं. गैरहजर राहिलात तर निर्णय कागदावरून होतो. जमीनमालकही आपली हरकत घेऊन आलेला असतो, बहुतेक वेळा वकिलासह. त्याचा मुद्दा काय असेल ते आधीच ओळखून उत्तर तयार ठेवा.

इथे जिंकल्यावर लोक पेढे वाटतात आणि झोपी जातात. आराखडा पुढे शासनाकडे जातो. शासनाला मोठे बदल करायचे असतील तर तेवढे भाग वगळून बाकीचा आराखडा मंजूर होतो आणि वगळलेल्या भागांवर पुन्हा हरकती मागवतात. ऑफिसात त्यांना ईपी म्हणतात, म्हणजे एक्सक्लूडेड पार्ट. तुमचा भूखंड ईपीच्या यादीत आहे का, हे बघायलाच हवं. तिसरी वेळ कलम 37 च्या फेरबदलाची. आराखडा मंजूर झाल्यावर एखाद्या भूखंडाचं आरक्षण बदलायचं असेल तर नोटीस काढून एक महिना देतात. पेपरातल्या त्या जाहिरातीकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही.

आता मेहुण्यांच्या बाजूने जेवढं बोलता येईल तेवढं बोलतो. मुंबईचा फेब्रुवारी 2015 चा प्रारूप आराखडा चुकांनी इतका भरलेला होता आणि त्यावर इतका गदारोळ झाला की एप्रिलमध्ये मुख्यमंत्री फडणवीसांनी तो दुरुस्त करायला लावला. सुधारित आराखडा मंजूर व्हायला 2018 उजाडलं. तेव्हा गर्दीचा दबाव चालतो, पण मंत्रालयात, आणि सगळं शहर चिडलेलं असेल तर. एका सोसायटीच्या एका भूखंडासाठी नाही. पुण्यात जुन्या हद्दीच्या 2013 च्या प्रारूपावर 80 हजारांहून जास्त हरकती आल्या. शेवटी 2015 मध्ये शासनाने तो आराखडा महापालिकेकडून काढून घेतला आणि जानेवारी 2017 मध्ये मंजूर केला. एवढ्या ढिगात कोणाचा अर्ज शेवटपर्यंत वाचला जाईल? ज्यात शीटचा क्रमांक आहे त्याचा. सह्या घ्यायच्याच असतील तर नेमक्या हरकतीला परिशिष्ट म्हणून जोडा, इथवर माझी तयारी आहे.

अभिप्राय काय झाला ते कोणी घरी आणून देत नाही. माहिती अधिकारात तुमचा हरकत क्रमांक टाकून नियोजन समितीची शिफारस आणि त्यावरचा निर्णय मागा. आणि जागा खाजगी असेल तर आरक्षण मिळालं म्हणजे मैदान मिळालं असं धरू नका. 10 वर्षांत संपादन झालं नाही तर मालक कलम 127 ची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. अशी नोटीस आली आहे का, हे 10 वर्षं भरली की दर सहा महिन्यांनी नगररचना आणि भूसंपादन, दोन्ही विभागांत वेगवेगळा अर्ज टाकून विचारा. एका विभागाला नोटीस मिळालेली असते आणि दुसऱ्याला पत्ताच नसतो.